पुढचं फिफ्थ व्हील घेताना त्यात काय हवंय?

कासवछाप
३ ऑगस्ट, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

इथे ट्रेलर ओढणारे किती जण आहेत माहीत नाही, पण मागे यलोस्टोनच्या धाग्यावर पाच-सहा आयडी दिसले होते, म्हणून विचारतोय.

आमचं पाठीवरचं बिऱ्हाड आता सहा वर्षांचं झालं. ३४ फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर; त्याला तीन स्लाईड, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकवायचे खोलीचे भाग; पुढे ‘एक टनी’ श्रेणीचा डिझेल ट्रक. कोलंबसहून निघून एकतीस राज्यं पालथी घातली. आता बदलायचं मनात आहे आणि सप्टेंबरात हर्शीच्या आरव्ही शोला, म्हणजे फिरत्या घरांच्या प्रदर्शनाला, जायचं ठरलंय. माहितीपत्रकं मागवली. जिकडेतिकडे विजेची शेकोटी, जिन्याच्या पायऱ्यांखाली निळे दिवे आणि वाइनचा वेगळा फ्रिज. आमच्याकडे वाइन कोणी पीत नाही. त्यात ताक ठेवता येईल असं सौ. म्हणाली, पण ते असो.

मला काय हवंय ते सांगतो. गेल्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोत टुकुमकारीला होतो. अकराला जागा सोडायची होती आणि दिवाणखान्याची स्लाईड आत येईना. पुस्तिकेत लिहिलंय की आणीबाणीत हायड्रॉलिक पंपाच्या मोटरचं टोक ड्रिलने फिरवा. छान. पण पंप कुठाय? बेसमेंटच्या, म्हणजे फरशीखालच्या सामानाच्या कप्प्याच्या, मागच्या फळीआड. फळीला अठरा स्क्रू. पाऊस सुरू. खुर्च्या, पाण्याचे होस, लाकडी ठोकळे, दहा किलो तांदळाची पिशवी, सगळं बाहेर चिखलात काढलं. फळी निघाली तर मोटरचं ते टोक नेमकं भिंतीकडे तोंड करून बसलेलं! ड्रिल शिरेल एवढीही फट नाही. शेवटी शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांनी काटकोनात वळणारं ड्रिलचं जोडटोक दिलं तेव्हा काम झालं. स्लाईड आत यायला दोन मिनिटं. तिथवर हात पोचायला अडीच तास.

तर माझी मागणी एकच. जे बिघडणार आहे तिथपर्यंत माणसाचा हात पोचू दे.

तुम्हाला काय हवंय? शोमध्ये चमकणारं नको, रस्त्यावर लागणारं सांगा.

---

अबोली
३ ऑगस्ट, रात्री १०:३५

मी! मी! ह्यूस्टन. ३१ फुटी, मागे स्वयंपाकघर असलेलं.

मला फोडणी करता यायला हवी. बस्स.

हसू नका. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म, आणि तो गप्प करायला नवरा टॉवेल हलवत उभा. शेगडीवरच्या चिमणीचं बटण दाबलं की आवाज विमानासारखा, पण वास तिथेच. वर्षभराने कळलं की ती हवा बाहेर सोडतच नाही, जाळीतून फिरवून परत माझ्याच तोंडावर मारते. काही गाड्यांत बाहेर झडप असते, पण प्रवासात आपटू नये म्हणून तिला बाहेरून खिट्टी असते आणि ती उघडायची असते हे विकणारा सांगत नाही. माझ्या मैत्रिणीने दोन वर्षं बंद झडपेवर पंखा चालवला.

दुसरं म्हणजे बर्नर. तीन आहेत म्हणतात, पण माझी दहा इंची कढई ठेवली की शेजारी तीन लिटरचा कुकर बसत नाही. म्हणजे भात झाल्यावर भाजी. ज्याने हे आखलं त्याने त्यावर एका वेळी एक अंडं तळलं असणार.

आणि बाहेरचं स्वयंपाकघर. बहुतेकांत छोटा फ्रिज नि एक लोखंडी तवा देतात, बर्गर उलटायला. मला तिथे एक दणकट, वारा लागला तरी न विझणारा बर्नर द्या. गॅल्व्हेस्टनला समुद्रावर मासळी घेतली की ती घरात तळायची सोय नाही. एकदा तळली होती. तो वास पडद्यातून जायला थँक्सगिव्हिंग उजाडलं.

---

पिन_वेट
४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

अबोलीताईंना फोडणीबद्दल अनुमोदन. पण माझा मुद्दा रुक्ष आहे. मला खरं वजन हवंय.

नवीन घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या बॉलवर, म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर, येतो. फिफ्थ व्हीलमध्ये किंगपिनमधून, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोडखुंटीतून, ट्रकच्या हौद्यात, म्हणजे मागच्या आसाच्या वर, २० ते २५ टक्के भार बसतो. म्हणून तर ते डुलत नाही, चालवायला गोड लागतं. पण तो भार ट्रकला उचलायचा असतो.

माहितीपत्रकात रिकाम्या ट्रेलरचा पिनवरचा भार छापतात. समजा ११,००० पौंड रिकामा, पिनवर २,००० पौंड. विकणारा म्हणतो, तुमचा पाऊण टनी ट्रक आरामात ओढेल. ओढेलही. पण तुम्ही त्यात बॅटऱ्या, गॅसच्या दोन टाक्या, भांडी, कपडे, पुस्तकं, वॉशिंग मशीन घालणार. ६० गॅलन पाणी भरलं तर तेच ५०० पौंड. १४,००० पौंडांच्या मर्यादेजवळ गेलात की २२ टक्क्यांनी ३,०८० पौंड पिनवर. त्यात हिचचं, म्हणजे हौद्यातल्या जोडणीचं, वजन, तुम्ही, सौभाग्यवती, कुत्रा. आता ट्रकचं दार उघडून खांबावरचं, ट्रकवर किती भार चालेल ते सांगणारं पिवळं स्टिकर वाचा. बऱ्याच पाऊण टनी डिझेल ट्रकांवर २,३०० च्या आसपास आकडा दिसेल.

‘हाफ-टन टोएबल’, म्हणजे अर्ध्या टनी ट्रकनेही ओढता येईल, असं बाहेर स्टिकर लावलेलं फिफ्थ व्हील दिसलं की मी आधी लांबूनच नमस्कार करतो.

भविष्यातल्या गाडीत काय हवं? पिनबॉक्समध्ये, म्हणजे किंगपिन धरणाऱ्या पुढच्या पेटीत, आणि प्रत्येक आसावर भार मोजणारा सेन्सर, आणि दाराशी एक पडदा, ज्यावर आत्ता या क्षणी किती वजन कुठे आहे ते दिसेल. आत्ता त्यासाठी ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर रांगेत उभं राहावं लागतं.

टायरचंही तेच. ७,००० पौंडांचे दोन आस, म्हणजे १४,०००. त्यावर येणारा नेहमीचा सोळा इंची, ई श्रेणीचा टायर ८० पीएसआय हवेला ३,५२० पौंड पेलतो. चार टायर, १४,०८०. म्हणजे कारखान्याने शिल्लक ठेवली ८० पौंड! हवा जरा कमी, उन्हाळ्यातला ॲरिझोनाचा रस्ता, आणि फाटलेला टायर खालचं पॉलिप्रॉपिलीनचं आवरण, वायर, पाइप सगळं ओरबाडून नेतो. एक पायरी वरचा टायर आणि हवेचा दाब दाखवणारे सेन्सर हे पर्याय म्हणून नकोत, मुळातच हवेत.

---

हॉटेलप्रेमी
४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

एवढा खर्च, एवढा ताप, वर संडासाची टाकी स्वतः रिकामी करायची. तेवढ्या पैशात आयुष्यभर हॉटेलात राहता येईल की!

---

अबोली
४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

येईल. पण पहाटे पाचला दार उघडून समोर टेकडी आणि हातात स्वतः केलेला आल्याचा चहा, हे कुठल्या मजल्यावर मिळतं ते कळवा.

---

उरणकर
४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी तुमच्यातला नाही. उरणला कंटेनर ट्रेलरच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, न्हावा-शेव्याची कामं. शीर्षकात फिफ्थ व्हील वाचून आलो, म्हटलं आपलंच काहीतरी. तर इथे फोडणी चाललीय!

आमच्याकडे ओढणाऱ्या गाडीला हॉर्स म्हणतात आणि तिच्या पाठीवरच्या ताटलीला फिफ्थ व्हील. किंगपिन दोन इंची. तुमचीही तेवढीच का? ताटलीला ग्रीस लावता का? पिन झिजलीय का ते गेजने बघता का?

आणि एक बाळबोध प्रश्न. एवढी महागडी घरं ओढता, तर ब्रेक कसले? आमच्याकडे एअर ब्रेक नसलेला ट्रेलर कोणी दारात उभा करणार नाही.

---

पिन_वेट
४ ऑगस्ट, दुपारी १:०५

उरणकर, तुम्हीच खरे आमच्यातले! दोन इंचीच. बरेच जण ग्रीसऐवजी मध्ये प्लास्टिकची चकती घालतात, कपडे खराब होत नाहीत म्हणून. गेजने पिन तपासणारा आरव्हीवाला मी तरी पाहिला नाही.

ब्रेकचं विचारू नका. बहुतेकांना विजेवर चालणारे ड्रम ब्रेक. चुंबक ड्रमला चिकटतो आणि पट्ट्या दाबल्या जातात. त्याची वायर पोकळ आसातून पलीकडच्या चाकाकडे नेलेली असते, ती आत घासून घासून तुटते आणि एका बाजूचा ब्रेक गेला हे कळतही नाही. डिस्क ब्रेक मिळतात, पण बहुतेक वेळा वेगळे पैसे मोजून. एबीएस आता कुठे काही गाड्यांत यायला लागलंय. माझ्या यादीत डिस्क ब्रेक पहिल्या तीनात.

अवांतर: ‘पाचवं चाक’ हे नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवं चाक बसवायचं, ते पाचवं. पुढे १९२०च्या दशकात ग्लेन कर्टिस या विमानवाल्याने एअरोकार नावाचा ट्रेलर काढला, त्याच्या जोडणीत खरोखरच विमानाचं चाक आडवं बसवलं होतं, धक्के शोषायला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला पिनवरच्या धक्क्यांची काळजी होती आणि आज आपल्याला गादीची पिनबॉक्स वेगळी विकत घ्यावी लागते.

---

निवृत्त_नाना
४ ऑगस्ट, रात्री ८:४५

कासवछापराव, धागा उत्तम. आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेले. हिवाळ्यात क्वार्टझाइटला सरकारी वाळवंटात स्वस्तात सप्टेंबर मध्य ते एप्रिल मध्य मुक्काम, उन्हाळ्यात मुलाकडे ओरेगनला.

आमचं गाऱ्हाणं पायऱ्यांचं. फिफ्थ व्हीलचं वैशिष्ट्यच असं की पुढचा भाग ट्रकच्या वर चढलेला, त्यात झोपायची खोली आणि न्हाणीघर. मग आत तीन पायऱ्या. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाने त्या अंधारात किती वेळा मोजायच्या? त्या निळ्या दिव्यांना कासवछाप हसले, पण मला ते दिवे आवडतात बरं का. फक्त निळे नकोत, मंद पिवळे असावेत, आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडा हवा. आत्ता एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला टीव्ही. एकदा टीव्ही धरला होता.

बाहेरच्या पायऱ्या आता जमिनीवर टेकणाऱ्या आल्यात, त्या चांगल्या. जुन्या लोंबकळणाऱ्या पायरीवर आमची ही उतरली की पूर्ण घर डुलायचं. बटण दाबून सहा पायांवर गाडी सपाट करणारी यंत्रणा हीसुद्धा म्हाताऱ्यांवरची कृपा. पूर्वी फळ्या टाकत, पुढेमागे करत, भांडत अर्धा तास जायचा.

टाक्यांचे मापक मात्र धादांत खोटं बोलतात. ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, रिकामी केली तरी दोन तृतीयांश दाखवतो. आतल्या खिळ्याला कागद चिकटला की संपलं. टाकीच्या बाहेरून पातळी ओळखणारे सेन्सर मिळतात, मग तेच का नाही लावत? आपण आरव्हीच्या संडासाच्या बाजूला तो जो छोटा फवारा असतो त्याचा सदुपयोग करतो, त्यामुळे आपली टाकी लवकर भरते, हे खरं. पण टाकीत भरपूर पाणी असणं हेच तब्येतीला चांगलं. कोरड्या टाकीवाल्यांचे हाल मी पाहिलेत, जेवणाच्या वेळी सांगत नाही.

---

विद्युतवेग
५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

सगळे जुन्याच गोष्टी दुरुस्त करायला मागताय. भविष्याचं बोला ना!

एअरस्ट्रीमने २०२२ मध्ये स्वतःची मोटर असलेला ट्रेलर दाखवला, फोनवरून जागच्या जागी हलवता येणारा. लाइटशिप आणि पेबल या नव्या कंपन्या तशाच गाड्या घेऊन आल्यात. आसात मोटर, तळाशी मोठी बॅटरी. इलेक्ट्रिक ट्रकने ट्रेलर ओढला की पल्ला निम्म्यावर येतो, तर ट्रेलरनेच स्वतःला ढकललं तर? शिवाय चढावर मदत, उतारावर ब्रेक आणि चार्जिंग. कॅम्पग्राउंडच्या अरुंद वळणावर ट्रक सोडून द्यायचा आणि ट्रेलर रिमोटने लावायचा. नानांना अर्धा तास भांडायलाच नको.

ही सगळी ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये आहेत. फिफ्थ व्हीलमध्ये का नाहीत? मला तेच हवं. छत पूर्ण सोलर, आणि सगळं एका ॲपवर.

---

निवृत्त_नाना
५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

भांडण हा आमच्या प्रवासाचा भाग आहे, तो काढू नका.

ॲपबद्दल ठाम विरोध. आमच्या शेजाऱ्याची छत्री म्हणजे ऑनिंग फक्त फोनवरून मिटायची. वारा सुटला, फोनने नवा पासवर्ड मागितला, तोवर छत्री छतापलीकडे. प्रत्येक गोष्टीला भिंतीवर एक बटण असावं, आणि बटणामागे हाताने फिरवायचा दांडा.

---

पिन_वेट
५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

विद्युतवेग, कल्पना मला आवडते, पण गणित करून पाहू. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे सुमारे १.२८ युनिट. छतावरचा एक एसी चालताना साधारण दीड किलोवॅट घेतो. तासभरही नाही चालणार. आमच्या गाड्यांना दोन एसी. ५० अँपिअरच्या जोडणीवर दोन तारांतून १२,००० वॉट मिळतात म्हणून ते चालतात, ३० अँपिअरवर ३,६००च, म्हणून एक एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावला की अंधार.

तेव्हा मोठी बॅटरी हवी, तर ती वजन घेऊन येणार. मग पिनवरचा भार, आस, टायर, सगळंच वाढवा. आत्ताच काही मोठी फिफ्थ व्हील १५,००० पौंडांच्या वर जातात आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी बिगर-व्यावसायिक ‘ए’ वर्गाचा परवाना काढावा लागतो.

मला वाटतं पुढच्या दहा वर्षांत भिंती हलक्या झाल्या आणि उष्णता कमी गळली, तर अर्धा प्रश्न बॅटरीशिवाय सुटेल.

---

उंटावरचा_शहाणा
५ ऑगस्ट, रात्री ९:२०

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर कॅल्गरीहून कळवतो.

आमच्या गाडीवर मोठ्या अक्षरात ‘फोर सीझन’ असं लिहिलंय. ते चार ऋतू कुठले ते लिहिलेलं नाही. बहुधा वसंत, ग्रीष्म, वर्षा आणि शरद. उणे अठराला ब्लॅक टँकची झडप गोठली, दांडा ओढला तर हातात आला. टाक्यांच्या खाली भट्टीची गरम हवा सोडलेली असते म्हणे, पण त्या नळीचं टोक मध्येच कुठेतरी सुटून पडलं होतं. पुढचा सबंध हिवाळा आम्ही प्रोपेन जाळून जमीन गरम केली. कळलं कधी? उन्हाळ्यात खालचं आवरण कापलं तेव्हा. म्हणजे फिरून कासवछापांचाच मुद्दा.

त्या दोन शब्दांना सर्वांना लागू असं कसलंही ठरलेलं माप नाही. मला एक साधा तक्ता हवा. बाहेर उणे वीस असताना आत वीस ठेवायला किती गॅस लागतो, आणि किती तासांनी पाणी गोठतं. घरच्या फ्रिजवर विजेच्या वापराचं लेबल असतं की नाही? तसं.

आणि दुहेरी काचा. आणि झडपा बाहेर न लोंबता गरम कप्प्यात. बाकी शेकोटी तुम्हाला लखलाभ.

---

गोशेनकर
६ ऑगस्ट, रात्री ११:४०

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आता राहवत नाही.

मी इंडियानात एल्कहार्टजवळ, आरव्हीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका ठिकाणी काम करतो. नाव विचारू नका, सांगणार नाही. अमेरिकेतल्या दहापैकी आठांहून जास्त आरव्ही याच परिसरात बनतात. कासवछाप, तुमचा पंप भिंतीकडे तोंड करून का बसला होता ते सांगतो.

घर बांधताना आधी भिंती, मग छप्पर, मग आतलं सामान. इथे उलटं. चासी येते, तिच्यावर फरशी. फरशीवर पाइप, वायर, आणि मग कपाटं, ओटा, संडास, पलंगाची चौकट, सगळं उघड्यावर, चारी बाजूंनी माणसं उभी राहून बसवतात. त्यानंतर बाजूच्या भिंती उभ्या करून चिकटवतात. शेवटी छप्पर. म्हणजे ज्या माणसाने तुमचा पंप बसवला, त्याच्यासमोर त्या वेळी ना फळी होती, ना भिंत. त्याला दहा फूट मोकळी जागा होती. त्याच्या दृष्टीने पंप अगदी हाताशी होता! पुढे तीन माणसांनंतर कोणीतरी अठरा स्क्रूंची फळी मारली. त्यालाही माहीत नव्हतं की आत काय आहे.

यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. माझ्या बाजूला आमिश सुतार काम करतात, हातात कसब आहे. पण पुष्कळ ठिकाणी मजुरी नगावर. जितके नग लवकर, तितकं घरी लवकर. फळीला बिजागरी लावायची तर चार मिनिटं जास्त, आणि ती चार मिनिटं कोणाच्या खिशातून? २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या. २०२३ मध्ये तीन लाख तेरा हजार. घाईच्या वर्षांतल्या गाड्यांची तपासणी शेवटी ग्राहकाच्या अंगणात झाली, असं आम्हीच आपापसात म्हणतो.

आणि खरं सांगू? बिजागरी कोणी मागत नाही. शोमध्ये माणसं एका गाडीत सात-आठ मिनिटं असतात. सोफ्यावर बसतात, ओट्यावर हात फिरवतात, ‘वॉव’ म्हणतात. बेसमेंटची फळी काढून दाखवा असं एकाने जरी दिवसभरात म्हटलं, तरी संध्याकाळी त्याची चर्चा होईल.

---

अबोली
७ ऑगस्ट, सकाळी ७:३०

गोशेनकर, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. माझा पाण्याचा पंप पलंगाखाली का आणि त्यावर खिळे मारलेली पाटी का, हे आज कळलं.

पण ‘कोणी मागत नाही’ हे पटलं नाही. आम्हाला माहीतच नसतं काय मागायचं. पहिली गाडी घेताना मी पडद्यांचा रंग मागितला होता.

---

उरणकर
७ ऑगस्ट, सकाळी ९:००

हेच मला म्हणायचं होतं. आमच्याकडे गाडी घेणारा आधी खाली वाकतो. मालक पांढऱ्या कपड्यांत असला तरी वाकतो.

कासवछापसाहेब, शोला जाताना जुना शर्ट घाला आणि टॉर्च न्या. गाडीखाली झोपा. वेल्डिंगवर बोट फिरवा. पिनबॉक्स चासीला जिथे जोडलाय तिथे रंगाला बारीक तडे आहेत का बघा, नव्या गाडीलासुद्धा. तिथेच सगळा झोल असतो, घर असो की कंटेनर. आणि पानपट्टे, म्हणजे लीफ स्प्रिंग, त्यांचे बुश कसले आहेत विचारा. ग्रीस निपल असेल तर पितळी, नसेल तर बहुधा प्लास्टिकचे. प्लास्टिकचे असतील तर किमतीतून कापून घ्या.

---

पिन_वेट
७ ऑगस्ट, दुपारी १२:१५

+१. पिनबॉक्सजवळचा सांगाडा लवचिक होऊन पुढच्या भिंतीला तडे जाण्याच्या तक्रारी खूप वाचल्यात. झोपायच्या खोलीचं दार आपोआप अडकायला लागलं की समजावं.

आणि उंची विचारा, एसीसकट. साडेतेरा फुटांपर्यंत जातात ही धुडं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममधला तो ट्रकांची छपरं सोलणारा प्रसिद्ध रेल्वेपूल ११ फूट ८ इंच होता, २०१९ मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी छपरं सोलणं चालूच आहे. खरी उंची ट्रकच्या नकाशात आपोआप जाईल अशी सोय असती तर मी ॲपलासुद्धा माफ केलं असतं.

---

विद्युतवेग
७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

म्हणजे शेवटी ॲप हवंच. :)

---

निवृत्त_नाना
७ ऑगस्ट, दुपारी १:३०

उंची मी एका कागदावर लिहून ट्रकच्या काचेवर चिकटवलीय. अकरा वर्षं झाली, एकदाही अपडेट मागितलं नाही.

---

कासवछाप
१९ सप्टेंबर, रात्री १०:१५

मंडळी, हर्शीहून परतलो. धागा वर काढतोय.

जुना शर्ट घातला. गावभर चॉकलेटचा वास आणि मी चिखलात पाठीवर झोपलेला. पहिल्या विक्रेत्याला वाटलं मी पडलो, तो पाणी घेऊन धावत आला. दुसऱ्याला म्हटलं, बेसमेंटची मागची फळी काढा. त्याने फोन केला. फोनवरच्याने आणखी एकाला फोन केला. वीस मिनिटांनी स्क्रू ड्रायव्हर आला. तेरा स्क्रू. म्हणजे प्रगती आहे.

दोन दिवसांत एकोणीस गाड्या पाहिल्या. एका गाडीत, आणि एकाच, ती फळी दोन खिट्ट्यांवर निघत होती. आत पंप, पाण्याच्या झडपा, फ्यूज, सगळं एका भिंतीवर, प्रत्येकावर नाव लिहिलेलं, आणि मोटरचं टोक आपल्याकडे. मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो असणार, कारण सौ. येऊन म्हणाली, चला, लोक बघतायत. त्या गाडीत शेकोटीही आहे. काढून टाकली तर किती कमी होतील विचारलं, तर काहीच नाही म्हणाला.

वजनाचं स्टिकर वाचलं. सगळे पर्याय धरून सामानाला २,४०० पौंड उरतात. पाणी पूर्ण भरलं की १,९००च्या खाली. डिस्क ब्रेक वेगळे पैसे देऊन. बुश पितळी, उरणकर, निपल बोटाने चाचपून पाहिले. दांडा एकाच बाजूला, नाना, दुसऱ्या बाजूला टीव्हीच आहे. उंटावरचे, ‘फोर सीझन’चा तक्ता मागितला तर माणूस हसला, आणि मग मी हसत नाहीये हे पाहून गंभीर झाला.

चिमणी बाहेर सोडते. टिशू पेपर धरून पाहिला, सौ. आत आणि मी बाहेर झडपेपाशी. कागद चिकटला.

घेतली नाही अजून. किंमत ऐकून एक रात्र झोप आली नाही, दुसऱ्या रात्री आली.

---

गोशेनकर
१९ सप्टेंबर, रात्री १०:५०

तेरा स्क्रूंवाल्यांच्या गोटात खरंच चर्चा झालीय. ‘गाडीखाली झोपणारा माणूस’ एवढंच ऐकू आलं होतं. तुम्ही होय!

---

अबोली
२० सप्टेंबर, सकाळी ६:४५

बर्नरमधलं अंतर मोजलंत का?

---

कासवछाप
२० सप्टेंबर, सकाळी ७:०५

टेप ट्रकमध्येच राहिली. पण सौ. म्हणते तिने वीत लावून पाहिलंय. दीड वीत आहे. तिची वीत केवढी ते आता मोजतो.